जन्मभर ऋणात

कुणाचे उपकार अंगावर राहिले की शिंप्याला अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. शेजारणीने वाटीभर साखर दिली, तर संध्याकाळच्या आत तिची फाटकी उशी शिवून दारात हजर. ‘मी कुणाचा मिंधा नाही,’ हे तो कुणी न विचारताही ऐकवायचा. असल्या माणसाला मित्र कोण मिळणार? एकच मिळाला, समोरच्या दुकानातला परदेशी घड्याळजी.

घड्याळजी इथली भाषा इथेच शिकला होता आणि शब्दन् शब्द खरा धरायचा. ‘माझं डोकं खाऊ नकोस,’ म्हटलं की बिचारा घाबरून ‘मी काही खाल्लं नाही,’ म्हणायचा. दोघं रोज भांडत आणि रोज एकत्र चहा पीत.

शिंप्याच्या बायकोचं ऑपरेशन झालं, तेव्हा घड्याळजीने दुकान बंद ठेवून तिला रक्त दिलं. ‘जन्मभर तुझ्या ऋणात राहीन,’ शिंपी म्हणाला. घड्याळजीने त्याचा हात घट्ट धरला.

बायको घरी आली आणि ते ऋण शिंप्याला टोचू लागलं. आठवडा व्हायच्या आत उंची लोकरीचा कोट शिवून तो समोर गेला. ‘घे. फिटलं एकदाचं.’

घड्याळजीने डोळ्यावरचं भिंग काढलं. ‘तू जन्मभर म्हणाला होतास.’

‘अरे, ती बोलायची पद्धत असते.’

‘आमच्याकडे ज्याचं तोंड पुन्हा बघायचं नसतं, त्याचंच असं झटपट फेडतात. घेऊन जा कोट.’

‘माझ्या कष्टाला लाथ मारतोस? एवढा माज?’

‘माज तुझा. माझं रक्त तुझ्या घरात चालतं, माझे उपकार चालत नाहीत.’

शिंप्याने कोट हिसकावून घेतला. तेव्हापासून चहा बंद, बोलणं बंद. येईल त्या गिऱ्हाइकापुढे शिंपी घड्याळजीचा उद्धार करतो. कोट त्याने विकायला टांगला, पण जो घालून बघतो तो आरशासमोर वाकडा होतो आणि काढून ठेवतो.

‘कुणालाच कसा बसत नाही हा?’ काल तो बायकोवर डाफरला.

‘बसेल कसा? घड्याळांवर वाकून वाकून त्याचा डावा खांदा उतरलाय. तुम्ही माप न घेता तसाच बेतलाय.’ तिने कात्री त्याच्यापुढे सरकवली. ‘उसवा आणि सरळ करा.’

शिंप्याने कात्री उचलली, समोरच्या दुकानाकडे रागाने बघितलं आणि खाली ठेवली. आज एका गिऱ्हाइकाने कोटाला हात लावला, तर तो त्याच्यावर खेकसला की हा विकायचा नाही.