भात आणि जिताडा दोन्ही राखणारी केसर

आमच्या खाडीकाठच्या खारेपाटात फवारणीचा पंप पाठीवर घेणारी पहिली बाई केसर. नवरा गणराज न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलर चालवतो, घरी कधीमधी येतो. भाताला कीड लागली तर त्याची वाट किती बघणार? ती शिबिरात जाऊन फवारणी शिकली, आणि हळूहळू आळीतल्या सगळ्यांची शेतं तिच्याकडे आली.

गेल्या हंगामात भात पोटरीत, म्हणजे लोंबी बाहेर पडायच्या बेतात असताना लष्करी अळी आली. दिवसा चुडाच्या, म्हणजे रोपांच्या झुबक्याच्या बुडाशी दडायची, ऊन कललं की वर चढून पानं फस्त करायची. नेहमीचं औषध मारलं, तरी अळ्या हटेनात. कोणी हाताला लागतील ती औषधं आणून एकाच पिंपात ओतली. त्यांचं भात करपलं, अळ्या तशाच.

केसरने कृषी सहायक प्रणालीताईंना शेतात आणलं. त्यांनी कंपनीतूनच मिसळून येणारं जोड औषध सांगितलं. "यातलं एक अळीला लगेच पाडतं, दुसरं पानावर टिकून मागून येणाऱ्या अळ्यांना मारतं. पण घरी काही मिसळायचं नाही. डब्यावर लिहिलंय तेवढंच प्रमाण."

"आनि त्या तळ्यातल्या माशांचं काय?" केसरने विचारलं. शेतांना लागूनच धर्माकाकांचं जिताड्याचं तळं होतं.

"पाण्यात उतरलं तर मासे वाचणार नाहीत," ताई म्हणाल्या.

हे ऐकून धर्माकाका बांधावर धावत आले. "केसर, तुमचं भात वाचवायला माजं तळं मारू नको गो!"

"मग काय, भात अळीला देऊ?" मागून कोणीतरी ओरडलं. आवाज चढले.

केसर मध्ये उभी राहिली. "भात बी वाचवायचं हाय, जिताडा बी. तळ्याकडचा पट्टा मी फवारनार न्हाय. तो हातानं साफ करू. कोन कोन येतंय?"

पहिली पुढे आली ती सोनूबाई, धर्माकाकांची बायको. मग बाकीच्या बाया.

आधी तळ्याकडे पाणी जाणारी वाट त्यांनी चिखलाने बुजवली. संध्याकाळी वारा खाडीकडून शेताकडे, म्हणजे तळ्यापासून लांब वाहायला लागला, तेव्हा केसरने हातमोजे चढवले, तोंड बांधलं, आणि नळी खाली धरून फवारायला सुरुवात केली. तळ्यालगतच्या पट्ट्यात बाया भातावरून दोर ओढत होत्या. खाली पडलेल्या अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकत होत्या. कंबरा मोडल्या, पण कोणी उठलं नाही. पुढच्या संध्याकाळीही त्या आल्या.

फवारलेल्या शेतातली अळी लवकरच आटोक्यात आली. पट्ट्यात थोडी पानं गेली, पण लोंब्या भरल्या. धर्माकाका मात्र रोज सकाळी तळ्याभोवती फिरायचे. एका सकाळी भला मोठा जिताडा उसळी मारून गेला, आणि म्हातारा आळीभर सांगत सुटला, "केसरने शब्द पाळला!"

यंदा पलीकडच्या गावाने तिला फवारणी शिकवायला बोलावलंय. गणराज बंदरातल्या ड्रायव्हरांना ऐटीत सांगतो, "आमच्या खारेपाटाचं भात माजी बायको सांभाळते." केसरच्या कानावर ते येतं, ती हसते. न्हाय म्हणत नाही.