लवणाचं तोंड

दर उन्हाळ्यात हौसामावशी कुदळ खांद्यावर टाकून नदीकाठी निघाली, की आळीतले लोक तिला चिडवायचे, "मावशी, नदीचं तोंड धुवाया चाललीस व्हय?" ती थांबायची नाही. कामशेतच्या पलीकडे, इंद्रायणीलगतच्या माझ्या शेतात एक सखल, पाणथळ लवण होतं. त्याच्या तोंडाशी साचलेला गाळ ती उपसायची. पूर आला की पाणी तिथून आत शिरायचं आणि आमची खालची आळी वाचायची. पूर ओसरल्यावर तीच तोंडाशी दगडमातीचा बांध घालायची. मग आतलं पाणी सावकाश मुरत राहायचं. शेत माझं, राबायची ती.

लव्हाळा ती एका वर्षी निम्माच कापू द्यायची. गाभोळीची मासळी कुणी धरली, की तिच्या तोंडाचा पट्टा सुटलाच. एकदा माझी भरली टोपली तिनं पाण्यात उपडी केली. "आरं, पोटुशी हाय ती! बाळंत तर हू दे!" संध्याकाळी मात्र सुकटीचं कालवण घरी धाडलं.

पुढे तिचं कंबरेचं हाड मोडलं, ती बाजेला खिळली. मी सोमाटण्याजवळ कारखान्यात लागलो आणि शेत विकून टाकलं. घेणाऱ्यानं लवणात राडारोड्याचा भराव घातला. मावशीला सांगायची माझी छाती झाली नाही. दर रविवारी ती विचारायची, "तोंड मोकळं केलंस न्हवं?"

"व्हय मावशी, केलं."

तिच्या चेहऱ्यावरची काळजी उतरायची. मी चहा पिऊन निघायचो.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी तिच्या सुनेचा फोन आला. "भावजी, पाणी उंबऱ्याला लागलंय. उचलाया गेले तर आत्याबाई बाज सोडंनात. भराव झालाय म्हनलं, तर इस्वास ठिवत न्हाईत."

"फोन मावशीच्या कानाला लाव." मी ओरडलो, "मावशी, लवण विकलं मी! मी खोटं बोलत होतो!"

ती हसली. "मला हलवाया थाप मारतुस व्हय? तू न्हाई इकायचा. घाबरू नगंस, आता वळंल पानी लवणात."

सून चार माणसं आणायला धावली. ती परत येईपर्यंत भिंत बाजेवर बसली होती.

दुसऱ्या दिवशी मी तिरडीला खांदा दिला. सुनेनं मला अडवायला हवं होतं. तिनं अडवलं नाही.