यादीतलं शेवटचं नाव
झेंडूच्या हाराच्या वासात एसटीचा धूर मिसळला की मला भोरच्या आमच्या शाळेतला दहावीचा निरोप समारंभ आठवतो. आवाज मोठा म्हणून आभार मानायचं काम माझ्याकडे आलं होतं. अक्कल कुणी तपासली नव्हती. रिवाजाप्रमाणे अध्यक्ष, सरपंचांपासून मांडववाल्यापर्यंत सगळ्यांना मी यादीत आधी बसवलं. गणितात गटांगळ्या खाणाऱ्या मला रोज शाळा सुटल्यावर शिकवून दहावीपर्यंत आणणाऱ्या बाईंचं नाव मात्र शेवटाला ठेवलं, म्हणजे सावकाश बोलता येईल. मांडववाल्यापर्यंत पोचलो आणि फाटकाशी वेल्ह्याकडच्या शेवटच्या गाडीचा हॉर्न वाजला. “चल की लेका, एसटी तुज्या भाषणासाठी थांबायची न्हाई,” म्हणत गाववाल्या मित्रानं मला दंडाला धरून ओढत नेलं. खिडकीतून पाहिलं तर बाई फाटकापर्यंत आल्या होत्या. “बाई, तुमचं नाव व्हतं यादीत,” मी ओरडलो. त्यांनी कानामागं तळवा धरला, आणि गाडी वळली. निकालाआधीच त्यांची बदली झाली. कुठं, ते कळलं नाही. आता घरातल्या प्रत्येक लग्नात आभाराला मलाच उभं करतात. मी पहिलं नाव त्या बाईंचं घेतो, आणि व्याही मंडळी एकमेकांना विचारतात, ह्या कोण, आणि बसल्यात कुठं?