तिलकचे चार पंखे

तिलक रहांगडालेला मी नववीत विज्ञान शिकवलं. फार हुशार नव्हता. प्रश्न मात्र नको तेवढे विचारायचा आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसायचा नाही. मोठा झाल्यावर शेती भावावर सोपवून त्याने अर्जुनी मोरगावात माझ्या घराला लागूनच कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. पुढे दुकान, मागे घर. आमच्याकडे लोक तलावातले मासे खातात, याने समुद्रातले पाळले.

नागपूरच्या एका शोभेच्या माशांच्या दुकानात तो कॉम्प्युटर दुरुस्त करायला गेला होता. तिथे खाऱ्या पाण्यातले नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे मासे पाहून खुळावला. दुकानदार म्हणाला, तुमच्या उन्हाळ्यात हे शिजतील. पाणी थंड ठेवायचं मशीन आहे, पण तुमच्याकडे लाइन कुठे असते?

तिलक तरीही दोन मासे आणि काचेची टाकी घेऊन आला. त्याने बंद पडलेल्या कॉम्प्युटरांतले चार छोटे पंखे काढले, एका पट्टीवर बसवले आणि वारा पाण्यावर पडेल असे टाकीवर आडवे लावले. बारा व्होल्टचे. लाइन गेली की ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर फिरायचे. वाऱ्याने पाणी उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं, एवढीच त्यातली गोम. रोज चार-पाच लिटर उडायचं. मीठ मागेच राहतं, म्हणून वरून गोडं पाणी घालायचं.

"माशायले चार पंखे, अन बायकोले एक बी नाही," त्याची बायको भूमेश्वरी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची.

"टाकीत बस, तुले बी लावून देतो," तो म्हणायचा.

२००९च्या उन्हाळ्यात दुकानदाराने त्याला शब्द दिला. मे महिना मासे जगले तर मी स्वतः येऊन बघीन आणि अशा पट्ट्या माझ्या गिऱ्हाइकांसाठी तुझ्याकडून बनवून घेईन. लोकांचे फॉर्म भरून आणि अर्ज टाइप करून तिलक विटला होता. हे काम त्याचं स्वतःचं होतं. कॅलेंडरवर रोज पाण्याचं तापमान लिहायचा. अठ्ठावीसच्या वर एकदाही नाही.

मेच्या चौथ्या आठवड्यात सालेकसाला मेहुण्याचं लग्न निघालं. तीन दिवसांसाठी किल्ली माझ्याकडे आली.

"बाई, रेषेपर्यंत गोडं पाणी टाका. अन कितीबी झळा आल्या तरी खिडक्या बंद करू नोका."

"आता तू मला शिकवणार?"

"नाही जी. सांगून राहिलो फक्त."

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले तर उघड्या खिडक्यांतून भट्टीसारखा वारा आत येत होता. मला तो मूर्खपणा वाटला. खिडक्या लावल्या, पडवीतला त्याचा कूलर चाकांवर ढकलत आत आणला, पाणी भरून सुरू केला. इथे खरं सांगायला हवं. माझ्या घरच्या कूलरची मोटर दोन दिवसांपूर्वी जळली होती. मी त्या गारव्यात पेपर घेऊन बसले आणि खुर्चीतच झोपले. उठल्यावर इतकं बरं वाटलं की कूलर तसाच ठेवून घरी गेले. माशांसाठी, असं मनाशी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी दार उघडलं तर आत वाफ कोंडलेली. भिंतीवरचं कॅलेंडर नरम पडलेलं. चारही पंखे व्यवस्थित फिरत होते. थर्मामीटरवर तेहतीस. दोन्ही मासे तळाशी आडवे.

मी बीएस्सी. पावसाळ्यात रांजणाचं पाणी का थंड होत नाही, हे तीस वर्षं फळ्यावर रांजण काढून शिकवलं. हवेतच ओल असली की पाणी उडत नाही. बंद खोलीत कूलर लावला की हवेत ओल भरणारच. दारात उभ्या उभ्या सगळं कळलं.

मग मी खिडक्या उघडल्या, कूलर उपसून पुन्हा पडवीत नेला आणि फरशीवरचे चाकांचे ओले पट्टे पुसले. संध्याकाळी उशिरा ते दोघं आले तोवर पाणी अठ्ठावीसवर उतरलं होतं.

तिलक बराच वेळ टाकीसमोर उकिडवा बसून होता.

"बाई, खिडक्या उघड्याच होत्या ना?"

"उघड्याच आहेत की," मी म्हणाले.

त्याने पंखे एकेक करून बोटाने फिरवून बघितले. एक जरासा घासत होता. "हाच बंद पडला असंल मधात, अन मग फिरला असंल," तो म्हणाला. त्याने दुकानदाराला स्वतःहून फोन केला. पंख्यांवर भरोसा नाही म्हणून सांगितलं. मी शेजारी उभी राहून ते ऐकलं. टाकीत पुढे त्याने जुने कीबोर्ड ठेवले.

पाच वर्षांनी माझा कॉम्प्युटर तापून बंद पडायला लागला तेव्हा तो आला. पिशवीतून एक पंखा काढून बसवला.

"त्यातलाच आहे, बाई. घासत होता तो. अजून बंद नाही पडला. काऊन नाही पडला, कोण जाणे."

मग मी सांगितलं. खिडक्या, कूलर, माझी झोप, फरशी पुसली तेही. नागपूरचं ते दुकान वर्षभरापूर्वीच बंद झालं होतं आणि मला ते ठाऊक होतं. आता सांगून त्याच्या हाती काही येणार नव्हतं, म्हणूनच बहुधा माझं तोंड उघडलं.

त्याने स्क्रू पिळायचं थांबवलं नाही. शेवटचा बसवला, झाकण लावलं.

"म्हणजे पंखे बराबर होते," तो म्हणाला.

"हो."

"रांजणाचं तुम्हीच शिकवलं होतं, बाई."

मी चहा ठेवायला उठले. तो नको म्हणाला. माझा कूलर घोंघावत होता. पेचकस पिशवीत टाकून तो खिडकीपाशी गेला, कडी काढली, दोन्ही दारं ढकलून उघडली आणि गेला.

तेव्हापासून माझ्याकडे काही बिघडलं तर भूमेश्वरी येऊन वस्तू घेऊन जाते. दुरुस्त करून परत आणते. तो येत नाही.