मासवडीचा डबा

रिकामं भांडं परत देऊ नये, हे पेठेत माझ्या माहेरीही माहीत होतं. पण तिथं चिमूटभर साखर घालायची राहिली म्हणून कुणी डोक्यात राख घालून घेत नसे. त्यामुळे लग्न होऊन वारूळवाडीला आले तेव्हा पहिल्याच महिन्यात मी समोरच्या घरचा पितळी कडीचा डबा चिंच लावून लखलखीत घासला आणि तसाच रिकामा नेऊन दिला. वर शाबासकीची वाट बघत उभी राहिले.

समोर माझ्या सासूबाईंची थोरली जाऊ राहायची. सगळे त्यांना थोरल्याच म्हणायचे. त्यांनी झाकण काढलं, डबा पालथा करून दाखवला आणि म्हणाल्या, "सांग तुज्या सासूला, कळलं म्हनावं."

मला मेलीला काहीच कळलं नव्हतं. घरी येऊन सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्यांना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. "आगं बया, तोडलंस की गं सगळं!" लगेच गुळाच्या ढेपेचे खडे फोडले, मूठ भरून अंगण ओलांडलं, थोरल्यांच्या डब्यात गूळ टाकला आणि तोंडातून एक शब्द न काढता परत आल्या.

कारण दोघी बोलत नव्हत्या. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी वाटणी झाली. जमीन, विहिरीच्या पाळ्या, बैल, सगळं गुण्यागोविंदानं वाटलं गेलं आणि गाडी अडली ती पाटा-वरवंट्यावर. पंच भलते हुशार! त्यांनी पाटा एका घरी दिला आणि वरवंटा दुसऱ्या घरी. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. डबा तेवढा त्या दिवशी आमच्याकडं राहिला होता. तो रिकामा द्यायचा नाही म्हणून भरून दिला, तिकडून भरून आला, आणि ते चक्र सुरू झालं. डबा मुळात कुणाचा? आत्या म्हणायच्या, तिचा. थोरल्या म्हणायच्या, तिचाच.

ने-आण करायला मी. दोघी आपापल्या दारात उभ्या, मधे अंगण, आणि अंगणात मी, हातात डबा.

"विचार तिला, लाडू कसं व्हतं?"

"सांग तिला, दात पडलं."

दोघींना सगळं ऐकू जायचं, तरी मी प्रत्येक वाक्य पुन्हा म्हणून दाखवायचं. मी एकदा वैतागून गप्प राहिले, तर दोघी मिळून माझ्यावरच खेकसल्या. तेवढ्यापुरती त्यांची एकी.

एका वर्षी टोमॅटोचे भाव पडले. आमच्या पडवीत पाय ठेवायला जागा नाही, एवढे क्रेट. अशात थोरल्यांकडून डबा आला, टोमॅटो भरून! आत्या अशा भडकल्या, राव, की त्याच टोमॅटोंची झणझणीत चटणी करून संध्याकाळी तिकडं धाडली.

मासवडी मात्र आत्यांचा मानाचा पदार्थ. बेसनाची उकड कापडावर थापायच्या, तीळ-खोबऱ्याचं सारण भरून अशी वळायच्या, की आख्ख्या वाडीत तशी कुणाला जमत नसे. थोरल्यांचा निकाल दर वेळी एकच. "बरी हाय. मीठ कमी हाय."

"तिची जीबच खारट," आत्या म्हणायच्या, आणि पुढच्या वेळी मुद्दाम तेवढंच मीठ.

अशी बारा वर्षं गेली. मग आत्यांचं हृदय थकलं. पाय सुजले, दवाखान्याच्या चकरा सुरू झाल्या. डबा त्या वेळी आमच्याकडं होता. आत्यांनी एकच घोशा लावला. "मी आशीच गेले तर ती जनमभर म्हनंल, माजा डबा ठिवून गेली." डॉक्टरांनाही त्यांनी बजावलं, "मला चार दिस थांबवा, डबा द्यायचा ऱ्हायलाय."

मी चिडले. "आत्या, आधी गोळ्या घ्या. डबा कुठं पळून चाललाय?"

"डबा न्हाई पळत. मी पळतीये."

मग खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी माझ्याकडून मासवडी करून घेतली. उकड दाखव, सारण दाखव, कड दाब. मिठाला हात घातला तशा ओरडल्या, "न्हेमीइतकंच! तिच्यासाठी चिमूटभरबी वाढवू नगंस." डबा भरला. नेऊन देण्याआधी त्यांना चहा द्यायला गेले, तर आत्या गेलेल्या होत्या.

थोरल्या आल्या. बारा वर्षांनी पहिल्यांदाच आमचा उंबरा ओलांडून. आत्यांच्या पायापाशी बसल्या. डोळ्यात टिपूस नाही. दुपारी अंत्यविधी उरकले, आत्यांच्या जागेवर दिवा लावला. शेजारणींनी पिठलं-भाकरी आणली. तेवढ्यात एकीचं लक्ष ओट्यावरच्या डब्याकडं गेलं. "सुतकातलं अन्न कुणाला चालायचं? टाकून दे, पोरी."

माझा हातच होईना. थोरल्या उठल्या.

"का टाकायचं? सुतक मलाबी हाय. भावकीच हाय मी. घर वाटलं, वावर वाटलं, सुतक न्हाई वाटलं कुनी."

झाकण काढून त्यांनी एक मासवडी तोंडात घातली. सगळ्या बायका बघत राहिल्या. सावकाश चावून झाल्यावर त्या दिव्याकडं वळल्या. मी सवयीनं पुढं झाले, निरोप पोचवायला. त्यांनी मला हातानं बाजूला केलं.

"मीठ कमी हाय. ऐकलं का गं? बारा वर्सं सांगतीये."

आणि मग जमिनीवर बसून त्या अशा रडल्या, की मलाही आवरेना.

जाताना डबा काखेत मारून घेऊन गेल्या. त्या पलीकडच्या दारात शिरेपर्यंत मी उंबऱ्यात उभी होते. मग आत येऊन दिव्यापाशी बसले आणि सांगितलं, "आत्या, डबा पोचला."