बटणावरची लाल चिठ्ठी

माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. आठ बाय दहाची खोली, दोन खुर्च्या, एक पंखा आणि लोकांनी "उद्या नेतो" म्हणून सोडून दिलेले सतरा लॅपटॉप. स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगतो, नाहीतर बायको सांगेलच. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "मी काही केलं नाही हो, आपोआप बंद पडला." तिथे माझं डोकं फिरतं. आपोआप काही होत नसतं, कोणीतरी काहीतरी केलेलं असतं. फिटरकाकांच्या बाबतीत ते करणाऱ्यांपैकी एक मी होतो, आणि हे सांगायला मला दीड वर्ष लागलं.

काका आमच्या दुकानाच्या वर तिसऱ्या मजल्यावर राहायचे. कारखान्यात चाळीस वर्षं बॉयलरचे फिटर. वाफेची ती भलीमोठी लोखंडी टाकी वर्षातून एकदा थंड करायची, मग माणसाने भोकातून आत उतरायचं आणि आतला थर हातोडीने फोडायचा. त्या आवाजात काकांचे दोन्ही कान गेले. कानाचं यंत्र आणलं होतं, पण ते लावलं की डोक्यात भांडी पडतात म्हणायचे. यंत्र डबीत गेलं ते गेलंच. स्वतः मात्र ओरडून बोलायचे. दुकानात येऊन मला हळूच काही खाजगी सांगायला लागले की समोरच्या फुटपाथवरचा चपला शिवणारा मान हलवून "बरोबर आहे" म्हणायचा.

काकूंना जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी एकच, ती परदेशात एका इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. आता बहिऱ्या बापाशी परदेशातून बोलायचं कसं? फोन गेला कामातून. व्हिडिओवर ओठ बघून समजून घ्यावं, तर चित्र नेमकं तिच्या उघड्या तोंडावर अडकायचं आणि काका चिडायचे. मोबाईलवर लिहावं, तर बोटं अशी जाड की एक अक्षर दाबायला गेलं की तीन उमटायची.

मुलगी सुट्टीवर आली तेव्हा स्वतःचा जुना लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "दादा, हा बाबांच्या टेबलावर राहील. पण मला तिकडून चालवता आला पाहिजे. त्यांना काही उघडायला लागू नये, काही शोधायला लागू नये."

मी तशी सोय करून दिली. ती तिकडे तिच्या संगणकावर बसली की इथला अख्खा पडदा तिला दिसायचा आणि इथला बाण तिच्या हाताने हलायचा. एक फाईल कायम उघडी, अक्षरं बोटभर उंच. त्यात ती तिकडून लिहायची, काका इथून एका बोटाने लिहायचे. लिहिलेलं आपोआप जतन होईल असंही करून दिलं. रोज संध्याकाळी सात वाजता, म्हणजे तिच्या जेवणाच्या सुट्टीत, बाण हलायचा. काका पावणेसातलाच हातपाय धुऊन, धुतलेला शर्ट घालून टेबलापाशी बसलेले असायचे. बाण हलला की एकटेच मोठ्याने म्हणायचे, "आली." ते खाली मला दुकानात ऐकू यायचं.

तिकडूनच ती घरातली लहानसहान कामं उरकायची. विजेचं बिल भरायची, डॉक्टरांची तारीख घ्यायची, औषधांची यादी नीट करायची. एकदा तिने पडद्यावर मागे काकूंचा फोटो लावला आणि फाईल थोडी सरकवून ठेवली, म्हणजे काकू फाईलशेजारी दिसत राहतील. काका मला मुद्दाम वर बोलावून ते दाखवत होते. चार हजार मैलांवरून पोरीने घर आवरलं म्हणाले.

पण सुरुवातीला या माणसाने माझ्या नाकी नऊ आणले. काम झालं की यंत्र बंद करायचं, ही चाळीस वर्षांची सवय. बोलणं झालं की काका बटण दाबून लॅपटॉप बंद करायचे. दुसऱ्या दिवशी मुलगी बाहेरच. मग तिचा मला फोन आणि माझी तीन मजल्यांची चढाई. आठवड्यात पाचव्यांदा चढलो तेव्हा माझा तोल गेला. लाल कागदाचा तुकडा फाडला, त्यावर "हात लावू नये" लिहिलं आणि चिकटपट्टीने बटणावर घट्ट चिकटवला.

काकांनी चष्मा लावून तो वाचला. मग मला म्हणाले, "सही कर."

मी खुणेनेच विचारलं, कशाला?

"कोणी लावली ते कळायला नको? तारीख पण घाल."

मग त्यांनी समजावलं. कारखान्यात आत उतरण्याआधी प्रत्येक फिटर वाफ आत सोडायच्या चावीवर आपल्या नावाची लाल पाटी अडकवायचा. ती पाटी ज्याने लावली त्यानेच काढायची. मालक आला तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही, कारण पाटी आहे म्हणजे आत माणूस आहे. एकदा एका घाईखोर साहेबाने काकांच्या जोडीदाराची पाटी काढून चावी फिरवली होती. जोडीदार आत होता.  त्यानंतर मात्र एकदा असं झालं, की एका फिटरची पाटी चावीवर राहिली आणि तो घरी जाऊन झोपला. साहेब ओरडून ओरडून थकला, अर्धा दिवस कारखाना ठप्प, पण काकांनी पाटी काढू दिली नाही. शेवटी त्या झोपाळूला अंथरुणातून उठवून आणलं. त्याबद्दल साहेबाने आठ दिवस कामावर येऊ नका म्हणून सांगितलं तेव्हा काकांनी ते हसत हसत भोगलं.

मला तेव्हा गंमत वाटली. सही केली, तारीख घातली. काकांनी त्यानंतर बटणाला कधीही हात लावला नाही. माझं घोडं गंगेत न्हालं आणि चिठ्ठी मी विसरून गेलो.

बापलेकीचं प्रेम होतं तसाच दोघांच्या नाकावर रागही होता. एकदा काकांनी चिडून भिंतीतली वायरच उपटली होती आणि दोन दिवस फुरंगटून बसले होते. बॅटरी उतरली, लॅपटॉप मेला. मग स्वतःच वायर घेऊन माझ्याकडे आले आणि "ही सुटली वाटतं" म्हणाले. मी वर जाऊन वायर लावली, बटण दाबून सुरू केलं आणि चिठ्ठी होती तशी परत चिकटवली. त्या वेळी मी तिथे होतो, एवढंच.

दीड वर्षापूर्वी उन्हाळ्यात बायकोच्या माहेरी आम्ही चार दिवसांसाठी गेलो. शटरवर तसं लिहून ठेवलं होतं. राहिलो अकरा दिवस. कोणी आजारी नव्हतं, कसलं काम नव्हतं. तिथे दुपारची झोप छान लागायची, म्हणून राहिलो. हे मला आजही कोणासमोर उच्चारवत नाही.

सहाव्या दिवशी मुलीचा निरोप आला. "दादा, बाबांचा लॅपटॉप पाच दिवस बंद दिसतोय. आमचं थोडं वाजलं होतं. रागाने वायर काढली असेल. जमलं तर बघाल का?" मी जेवून आडवा झालो होतो. उत्तर लिहिलं, "गावाला आलोय. काळजी करू नका, राग उतरला की येतील वायर घेऊन." आणि कूस बदलली. लाल चिठ्ठी आठवलीसुद्धा नाही. आठवली असती तर माझ्या दुकानाशेजारच्या शिवणवाल्या ताईंना, त्याच काकांना डबा द्यायच्या, एक फोन लागला असता. माझ्या अक्षरातल्या निरोपाचा फोटो पाठवतो, तो काकांना दाखवा, लाल चिठ्ठी काढायला मीच सांगतोय, एवढंच सांगायचं होतं.

अकराव्या दिवशी शटर उघडलं तर शिवणवाल्या ताई मशीन थांबवून माझ्याकडे आल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते.

"फिटरकाका गेले," त्या म्हणाल्या. "परवा दुपारी. मी डबा द्यायला गेले तर टेबलापाशी खुर्चीतच होते. मान छातीवर. मला वाटलं डोळा लागलाय."

मी कपाळाला हात लावून बसलो. ताई सांगत होत्या. काका रोज दहा वाजता खाली उतरायचे, माझ्या बंद शटरसमोर उभे राहायचे, पाटी वाचायचे आणि परत तीन मजले चढायचे. तिसऱ्या दिवशी ताईंनी वर जाऊन बघितलं, लॅपटॉप काळा. त्यांनी खुणेने सांगितलं, हे बटण दाबा. काकांनी मान हलवली. "चिठ्ठी त्याची आहे. तो येईल." ताईंनी स्वतः बोट पुढे केलं तर त्यांचा हात धरून बाजूला केला म्हणे, आणि वर रागावले.

"मला वाटलं, तुम्ही काही मोठी दुरुस्ती ठेवली असेल," ताई म्हणाल्या.

मुलगी दोन दिवसांनी पोहोचली. सगळं आटोपल्यावर तिने मला वर बोलावलं. ती टेबलापाशी उभी होती. चार्जर भिंतीत होता, त्याचा बारीक दिवा लागलेला होता.

"वायर काढलेलीच नाही," ती म्हणाली. "वीज चालू आहे. मग बंद कोणी केला?"

 ती त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिली आणि हळूहळू तिचा चेहरा उतरला. मग तिनेच सांगितलं. त्या दिवशी काकांनी विचारलं होतं, कधी येणार. दर आठवड्याला विचारायचे. तिची सलग दुसरी पाळी चालू होती, पोटात अन्न नव्हतं. तिने लिहिलं, "तेच तेच विचारू नका बाबा. मला इथे मजा वाटते का?" काका एकेक अक्षर शोधत उत्तर लिहायला लागले. तेवढं थांबायचा तिला धीर नव्हता. तिला नुसतं बाहेर पडायचं होतं. तिच्या पडद्यावर बाहेर पडायचं आणि इथलं यंत्र बंद करायचं, या दोन ओळी एकाखाली एक असतात. तिने रागात न बघता खालची दाबली.

"मीच बंद केला," ती म्हणाली. "इथून नुसतं बटण दाबलं असतं तर पुन्हा चालू झाला असता. त्यांनी दाबलं का नाही हो?"

मी बोटाने लाल चिठ्ठी दाखवली. कडा जशाच्या तशा चिकटलेल्या होत्या. माझी सही, माझी तारीख. मग तिला सगळं सांगितलं, पाटीचं, जोडीदाराचं, आणि माझ्या दुपारच्या झोपेचंही. मला वाटलं ती मला बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुम्ही लावलीत, तुम्हीच काढा."

मी नखाने चिकटपट्टी सोडवली.  बटण दाबलं. काकू दिसल्या, शेजारी फाईल उघडली. तिच्या रागाच्या ओळीखाली काकांची अर्धी ओळ होती. "बरं नाही विचारणार. तू जेवलीस". तिथेच पडदा काळा झाला असणार.

मुलगी खुर्चीत बसली आणि ओक्साबोक्शी रडली. मीही रडलो, लाज वाटली नाही.

लॅपटॉपखाली काकांची वही होती. कारखान्यात पाळीची नोंद ठेवायची सवय, ती घरीही चालू होती. मुलीच्याने वाचवेना, म्हणून मी वाचली.

"सोमवार. सात वाजता पडदा काळा. चिठ्ठी जागेवर."

"मंगळवार. बाण नाही. दुकान बंद."

"बुधवार. बाण नाही. शिवणवाली बटण दाबा म्हणते. दाबायचं नाही. चिठ्ठी आहे म्हणजे पोरगी आत काम करत असेल. मध्येच चालू केलं तर तिला लागेल."

पुढे रोजची तीच नोंद. बाण नाही, दुकान बंद. शेवटच्या नोंदीत एक ओळ जास्त होती. "पोरीला वेळ लागतोय. घाई करू नये."

रागावलीय, तोडून टाकलंय, असं वहीत कुठेच नव्हतं. ती भीती आमची होती. त्यांनी नऊ दिवस लेकीची राखण केली होती.

मुलीने डोळे पुसले आणि त्या अर्ध्या ओळीखाली लिहिलं, "हो बाबा, जेवले." जाताना घर रिकामं केलं. लॅपटॉप मात्र माझ्याकडे ठेवला आणि चालू राहू द्या म्हणाली.

तो आता दुकानात मागच्या फळीवर असतो. कधी कधी संध्याकाळी सात वाजता त्याचा बाण हलतो. फाईल वर वर सरकत जाते, दोन वर्षांपूर्वीच्या गप्पांपर्यंत जाते, कुठेतरी थांबते. लिहीत ती काही नाही. परवा एक गिऱ्हाईक ते बघून म्हणालं, "अहो, हा बघा, आपोआप चालतोय," आणि त्याने बोट पुढे केलं.

मी त्याचा हात धरला. म्हटलं, "हात लावू नका. आत माणूस आहे."