आई – फक्त फोटोत

नाटकातल्या बाईला पहिल्या अंकात खोकला आला, की ती तिसऱ्या अंकात जाणार, हे सिंधूताईंना संहिता न वाचताच कळायचं. बुलढाण्याच्या हौशी नाट्यमंडळात त्यांनी तीस वर्षं काढली होती आणि निदान सात वेळा त्या स्वतः खोकून मेल्या होत्या. त्याआधी त्या रुसणारी नायिका झाल्या, मग दिराला लाडू देणारी वहिनी. एक वर्ष बिनबाह्यांचं पोलकं घालून त्यांनी दुसरीचा संसार मोडला. त्या वर्षी ऑफिसात त्यांच्या टेबलाशी दाखल्यासाठी येणारे लोक जरा जास्तच वेळ रेंगाळायचे. पुढे केसांना पांढरी पावडर लागली, आणि मग एक दिवस पावडरीचीही गरज उरली नाही.

पुरुषांचं तसं नव्हतं. नाटकातला पुरुष वकील असे, मास्तर असे, लबाड असे. तो चुकत असे आणि चुकल्यावर दोन पानांचं भाषण ठोकत असे. त्याला नाव असे, आडनावही असे. बाईच्या पात्रापुढे मात्र लेखक नुसतं लिहून मोकळा व्हायचा : आई. वहिनी. ती. एकदा तालमीत सिंधूताईंनी विचारलंच, "या आईचं नाव काय हाय हो?" लेखक हसला. "आईले काय नाव राह्यते, ताई?" सगळे हसले. सिंधूताईही हसल्या, कारण हसल्या नसत्या तर लोक म्हणाले असते, बाईला राग आला.

खुद्द सिंधूताईंना नावानं हाक मारणारं घरात कोणी नव्हतं. त्या मूळच्या धामणगाव बढ्याच्या. नोकरी लागली म्हणून बुलढाण्याला आल्या, नाटकात रमल्या, आणि जमत आलेल्या दोन सोयरिकी त्यापायी फिसकटल्या. "पोरगी तोंड रंगवते," असा निरोप आला. त्यांनी नाटक सोडलं नाही आणि तिसरं स्थळ आलं नाही. आई-वडील गेले. धाकटा भाऊ गावी आपल्या संसारात होता. मागच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या, आणि तेव्हापासून दिवसाकाठी त्यांच्याशी बोलणारं माणूस म्हणजे दूधवाला, तोही अर्धंच वाक्य बोलून पुढच्या दारी जाणारा. म्हणून त्या हिवाळ्याची वाट बघत. हिवाळ्यात स्पर्धेचं नाटक बसायचं आणि दोन महिने संध्याकाळी कुठेतरी जायचं असायचं.

यंदा धवल दिग्दर्शक होता. बँकेत नोकरीला असलेला, तिशीतला, हुशार गडी. तो स्वतः घरी आला, तेव्हाच सिंधूताईंनी ओळखलं की कुठेतरी पाणी मुरतंय.

"ताई, यंदा तुमचा रोल थोडा वेगळा हाय," तो म्हणाला. "आईचाच हाय. पण पडदा उघडते तवा आई गेलेली असते. भिंतीवर तिचा फोटो. सारं नाटक तिच्याभोवतीच फिरते, बरं का."

"अन् मी काय करू?"

"फोटो तुमचा. अन् विंगेतून प्रॉम्प्टिंग तुमचं. तुमच्यासारखं दुसऱ्या कोणाले जमते?"

त्यानं दाखवलेल्या पात्रयादीत सगळ्यात खाली लिहिलं होतं : आई – फक्त फोटोत. सिंधूताईंनी चहा ठेवला. चहा पिता पिता उरलेलं बाहेर पडलं. फोटोला चंदनाचा हार घालायचा होता. त्यासाठी आधी मंडळातल्या दुसऱ्या दोघींना विचारून झालं होतं. पुष्पांजलीच्या सासूनं घर डोक्यावर घेतलं होतं : जित्या बाईच्या फोटोले हार? माह्या घरात असा अपशकुन चालणार नाही. दुसरीच्या नवऱ्यानं तर फोनच आपटला होता.

"तुमच्याकडं तसं टेन्शन नाही ना, ताई," धवल बशी खाली ठेवत म्हणाला. "नाही म्हणणारं घरी कोणी नाही."

तो वाईट मनानं बोलला नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं. सिंधूताई 'बरं' म्हणाल्या, कारण 'नाही' म्हटलं असतं तर दोन महिन्यांच्या संध्याकाळी गेल्या असत्या.

तो गेल्यावर त्यांनी भावाला फोन लावला. "आपल्यात जित्या माणसाच्या फोटोले हार घालत नाही ना रे?" त्यांनी विचारलं, आणि सगळी हकीकत सांगितली. अंगावर ओरड बाबा, त्या मनात म्हणत होत्या. एकदा 'खबरदार' म्हण.

"नाटकातलंच तं हाय, ताई," भाऊ म्हणाला. "घालू दे. काय होते त्यानं? बरं, ठेवू काय? सोयाबीनची गाडी भरून राह्यली."

फोन ठेवून त्या रडल्या. नाटकात रडायच्या तशा पदर लावून नाही, चांगल्या नाक गळेपर्यंत.

निरोपसमारंभातला फोटो त्यांनी धवलला दिला. जांभळी साडी, हातात नारळ, आणि कोणीतरी काही बोललं म्हणून फुटलेलं हसू. तो मोठा करायला टाकला, तेव्हा स्टुडिओवाले वहाबभाई म्हणे गंभीर झाले आणि हळूच म्हणाले, "खाली तारीख कोणती टाकू?" धवलनं हे तालमीत रंगवून सांगितलं. हशा पिकला. सिंधूताईंनीही टाळी दिली, पण त्या रात्रीची भाकरी त्यांनी तशीच झाकून ठेवली.

स्पर्धेला आठ दिवस राहिले आणि शाळेच्या हॉलमध्ये रंगीत तालीम लागली. नेपथ्य उभं राहिलं, खिळा ठोकला, फोटो चढला, फोटोवर हार चढला. सिंधूताई विंगेत खुर्चीवर संहिता घेऊन बसल्या. तिथून त्यांना आपला हसरा चेहरा तिरका दिसत होता.

नवऱ्याची भूमिका शरच्चंद्र मास्तरांची. वय सिंधूताईंइतकंच, अजूनही मुख्य भूमिका त्यांचीच, आणि पाठांतराच्या नावानं बोंब. ते फोटोसमोर उभे राहिले. गळा दाटवून म्हणाले, "तू होतीस, म्हणून हे घर होतं. तू गेलीस आणि..." आणि अडकले. त्यांनी विंगेकडे कान केला.

सिंधूताईंनी ओळीवर बोट ठेवलं. "आता या घरात," त्या हळूच म्हणाल्या, "मी हाक कोणाला मारू?"

त्यांना वाटलं, आयुष्यात इतकं गोड कोणी आपल्याला बोललं नाही. आज बोलत होतं, तर तेही आपल्यालाच आतून सांगावं लागत होतं, आणि ऐकायला आपण मेलेलं असावं लागत होतं.

त्या उठल्या. संहिता खुर्चीवर ठेवली, आणि सरळ दिव्यांच्या उजेडात रंगमंचावर गेल्या. स्टुलावर चढून त्यांनी हार काढला, मास्तरांच्या हातात दिला. मग फोटो उतरवला आणि पदरानं काच पुसली.

"ताई, काय झालं?" धवल धावत आला. "काऊन काढला?"

"घरचे नाही म्हणतात."

"घरचे?" धवलला काही कळेना. "तुमच्या घरी कोण हाय?"

"मी हाओ ना," सिंधूताई म्हणाल्या.

पुष्पांजली तेवढी हळूच म्हणाली, "बरं केलं, ताई." सिंधूताई फोटो घेऊन विंगेत परत गेल्या, खुर्चीवर बसल्या, फोटो मांडीवर पालथा ठेवला आणि त्यावर संहिता उघडली. स्पर्धेपर्यंत अजून आठ संध्याकाळी उरल्या होत्या.

"हं, करा सुरू," त्या म्हणाल्या. "'तू होतीस'पासून."

भिंतीवर नुसता खिळा राहिला होता. मास्तरांनी खिळ्याकडे बघून गळा दाटवला, आणि ते पुन्हा तिथंच विसरले.

"आता या घरात मी हाक कोणाला मारू?" सिंधूताईंनी आतून सांगितलं, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.